फॉर्म १५०

अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसालाही अमेरिकेच्या सैन्यात सक्तीने जावे लागू शकते, हे १९६९ साली ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी मंडळींनाही नव्हते. विद्यार्थी व्हिसावर असेपर्यंत ड्राफ्टशी, म्हणजे सक्तीच्या भरतीशी, आमचा काही संबंध येत नसे. १९६५ च्या नव्या कायद्यामुळे भारतीय इंजिनिअर आणि डॉक्टर यांना कायमच्या वास्तव्याचा परवाना पूर्वीपेक्षा पुष्कळ सहज मिळू लागला. मात्र त्याबरोबर सव्वीस वर्षांच्या आतील पुरुषाने सिलेक्टिव्ह सर्व्हिस या भरती खात्याकडे नाव नोंदवलेच पाहिजे, ही अटही येत असे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नागपूरला इंजिनिअरिंगची पदवी घेऊन, इथे एम.एस. करून पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कारखानदारी गावात नोकरीला लागलो होतो. नोंदणीनंतर पोस्टाने जे कार्ड आले त्यावर माझी वर्गवारी 'वन-ए' अशी लिहिली होती. म्हणजे भरतीस योग्य, केव्हाही बोलावता येईल असा.

सल्ला द्यायला चार-दोन मराठी घरे होतीच. कोणी म्हणाले, 'हा माणूस आम्हाला आवश्यक आहे' असे कंपनीकडून लिहून घे. पण नोकरीच्या आधारे भरती पुढे ढकलून घेण्याची ती सोय राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एप्रिल १९७० मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंदच करून टाकली. कोणी म्हणाले, सरळ भरती हो, धडधाकट परतलास तर नागरिकत्व लवकर मिळेल. व्हिएतनामच्या काळात सैन्यात चांगली सेवा केलेल्या परदेशी माणसाला ती सवलत १९६८ च्या कायद्याने खरोखरच दिली होती, आणि माझ्या परिचयाच्या एका गुजराती मुलाने ती घेतलीही. सर्वांत सोपा सल्ला होता तो गाशा गुंडाळून घरी परत जाण्याचा. तो मी का मानला नाही, याचे उत्तर मला पुढे बोर्डापुढेही, म्हणजे भरतीचे निर्णय घेणाऱ्या स्थानिक मंडळापुढेही, द्यावे लागले. भरती चुकवण्यासाठी देश सोडणाऱ्या परदेशी माणसाला परतीचे दार बंद होत असे, हे एक कारण होतेच आणि ते मी लपवले नाही. पण त्याखेरीज असेही वाटत होते की ज्या गोष्टीला आपला नकार आहे ती समोर उभे राहून नाकारण्याची रीतसर वाट, म्हणजे युद्धाला विवेकापोटी नकार असल्याचा अर्ज, या देशाच्या कायद्यात असताना मागच्या दाराने निघून जाणे काही बरे नव्हे.

भरतीचा क्रम ठरवण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी रात्री वॉशिंग्टनमध्ये निघालेली सोडत आम्ही टेलिव्हिजनवर पाहिली. काचेच्या भांड्यात निळ्या प्लॅस्टिकच्या ३६६ डब्या होत्या आणि प्रत्येकीत वर्षातली एकेक तारीख होती. पहिली डबी अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य अलेक्झांडर पर्नी यांनी उचलली आणि तीतून १४ सप्टेंबर निघाला. १९४४ ते १९५० या काळात त्या तारखेला जन्मलेल्यांचा क्रमांक पहिला; अशा रीतीने सगळ्या वर्षाची उतरंड लागली. माझ्या जन्मतारखेला शंभराच्या आतला क्रमांक मिळाला. १९७० मध्ये १९५ पर्यंतच्या क्रमांकांना बोलावणे गेले, म्हणजे माझ्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की डब्या नीट ढवळल्याच गेल्या नव्हत्या, आणि त्यामुळे वर्षअखेरच्या महिन्यांतल्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या होत्या. माणसाला कोठे पाठवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचेच असेल तर निदान चिठ्ठ्या तरी नीट मिसळाव्यात, असे माझ्यातल्या इंजिनिअरला अजूनही वाटते.

युद्धाला नकार ही गोष्ट माझ्या घरात नवी नव्हती. आमचे घर वर्धा जिल्ह्यातले. वडील खादीच्या कामात होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली आणि इंग्रजांच्या युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, सर्वच युद्धांचा प्रतिकार अहिंसेने केला पाहिजे, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर तेच वाक्य गावोगावी उच्चारून जे हजारो लोक तुरुंगात गेले त्यांत माझे वडील होते. मी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलो, त्यामुळे नागपूरच्या तुरुंगातल्या भाकरीच्या गोष्टी ऐकतच वाढलो. भारतीयांवर इंग्रजांनी सक्तीची लष्करभरती कधी लादली नव्हती, त्यामुळे वडिलांचा नकार भाषणाचा होता आणि माझा शरीराचा होणार होता, हा फरक मात्र मोठा होता. आई वारकरी, तिच्या लेखी 'विष्णुमय जग, वैष्णवांचा धर्म' एवढ्यात सगळे आले. पण घरात एक वातावरण असणे निराळे, आणि आपला स्वतःचा विश्वास तोच आहे असे परक्या देशात शपथेवर लिहून देणे निराळे, हे फॉर्म समोर आल्यावर कळले.

फॉर्म मागवण्याआधी मी क्वेकरांच्या मीटिंग हाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, गेलो. क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रेदरन हे तीन ख्रिस्ती पंथ शतकानुशतके शस्त्र न धरण्याच्या व्रतावर उभे आहेत, आणि पेनसिल्व्हेनियाची वसाहतच मुळात विल्यम पेन या क्वेकराने वसवलेली. तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ ड्राफ्टमध्ये सापडलेल्या मुलांना कायदा समजावून सांगत. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात नकार दिलेले. त्या वेळी अशा सुमारे बारा हजार लोकांना सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस नावाच्या योजनेखाली छावण्यांत ठेवले होते. जंगलातले वणवे विझवणे, झाडे लावणे, मनोरुग्णालयांत काम करणे ही कामे त्यांना बिनपगारी करावी लागत, आणि त्यांच्या पोटापाण्याचा खर्च बव्हंशी त्यांच्या चर्चनीच सोसला. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी उपासमारीचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेले छत्तीस तरुण याच लोकांपैकी होते. याखेरीज सुमारे सहा हजारांनी तुरुंग पत्करला. त्यांत बहुसंख्य 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे होते.

त्याआधीच्या युद्धातली हकीकत ते सांगत ती याहून भयंकर होती. १९१८ साली साउथ डकोटातल्या हटराइट पंथाच्या चार तरुणांनी सैनिकी गणवेश अंगावर चढवायला नकार दिला, म्हणून त्यांना अल्कट्राझच्या लष्करी तुरुंगात अंधारकोठडीत हात वर बांधून ठेवण्यात आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना कॅन्ससमधील लेव्हनवर्थला हलवले. युद्ध संपले होते, तरी चौघांपैकी जोसेफ आणि मायकेल हॉफर हे दोघे भाऊ तिथे मरण पावले. आणि जोसेफची पत्नी प्रेत पाहायला आली तेव्हा जिवंतपणी जो गणवेश त्याने नाकारला तोच त्याच्या अंगावर चढवलेला तिने पाहिला. हे सांगून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला कोणी बांधून ठेवणार नाही. तुम्हाला कागद भरायला लावतील. तो कागद हलका समजू नका."

त्या कागदाचे नाव फॉर्म १५०. त्यात विचारलेले थोडेच होते: तुमचा विश्वास काय आहे आणि तो धार्मिक का मानावा, तो तुम्हाला कोणाकडून, केव्हा, कसा मिळाला, आणि तुमच्या आजवरच्या आयुष्यात तो कोठे दिसतो. त्याआधी दोन वाक्यांपैकी एकाखाली सही करायची असे. गणवेश घालीन पण शस्त्र धरणार नाही, असे म्हणणाऱ्याला 'वन-ए-ओ' ही वर्गवारी मिळे आणि तो बहुधा वैद्यकीय पथकात जाई. सैन्याचाच भाग होणार नाही, असे म्हणणाऱ्याने 'वन-ओ' मागायची आणि सैन्याऐवजी पर्यायी नागरी काम करायचे. मी दुसऱ्या वाक्याखाली सही केली.

'धार्मिक' या अटीचे काय करायचे, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. बोर्डाला पाद्र्याचे पत्र पाहायची सवय; आमच्या गावात देऊळ नाही, पुजारी नाही. इथे सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल उपयोगी पडले. १९६५ च्या सीगर खटल्यात कोर्टाने म्हटले होते की देवावर पारंपरिक श्रद्धा असणाऱ्याच्या जीवनात त्या श्रद्धेचे जे स्थान असते तेच स्थान ज्या विश्वासाला आहे, तो विश्वास पुरेसा. त्याच निकालाला जोडलेल्या आपल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हिंदू आणि बौद्ध विचारांतील ईश्वरकल्पनेची चांगली लांबलचक चर्चा केली आहे. त्या पानांची नक्कल मी अर्जाला जोडली. माझा अर्ज बोर्डाकडे पडून असतानाच जून १९७० मध्ये वेल्श खटल्याचा निकाल लागला. एलियट वेल्शने फॉर्मवरचे 'धार्मिक शिक्षण' हे शब्दच खोडले होते, तरीही कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि मनापासून बाळगलेली नैतिक धारणाही चालेल असे ठरवले. क्वेकर गृहस्थ म्हणाले की आता वाट रुंद झाली आहे. पण तुम्ही ती मिळवली आहे असे समजून लिहू नका, प्रत्येक गोष्ट लिहा, कारण फाइलमध्ये नाही ते जगात नाही.

हे त्यांचे आवडते वाक्य होते, आणि ते शब्दशः खरे होते. बोर्डापुढे वकील नेण्याची मुभा नव्हती. प्रश्नोत्तरांची नोंद कोणी ठेवत नसे. बोर्डाने नाकारले तर अपील राज्याच्या मंडळाकडे जाई, ते मंडळ फक्त फाइल वाचे, आणि प्रकरण पुढे कोर्टात गेलेच तर न्यायाधीशही तीच फाइल पाही. म्हणून मी फाइल भरत गेलो. आणि भरता भरता एक अडचणीची गोष्ट लिहावी की न लिहावी असा प्रश्न उभा राहिला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ पासून भारतातल्या कॉलेजांत मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली होती, आणि नागपूरच्या परेड मैदानावर मी थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्याला लावून कवायत केली होती. चांदमारीत माझे नेम बरे लागत. १९६२ मध्ये शाळेत असताना संरक्षण निधीसाठी डबा घेऊन दारोदार फिरलोही होतो. हे बोर्डाला कधी कळण्याचे कारण नव्हते. तरी मी ते लिहिले, कारण माझ्या नकाराचा उगम खरे पाहता त्या चांदमारीतच होता: लक्ष्याच्या जागी माणसाच्या आकाराची पुठ्ठ्याची आकृती लावलेली असे, आणि तिच्या छातीवरचे भोक नंतर बोट घालून मोजायला आम्हाला जवळ नेत. तुरुंगाच्या गोष्टींनी वडिलांबद्दल आदर निर्माण केला. शस्त्राबद्दलची घृणा मात्र त्या पुठ्ठ्याने दिली.

ओळखीच्या माणसांची पत्रेही लागत. प्राध्यापकांनी दिले, घरमालकिणीने दिले. वडिलांना मी एअरोग्राम पाठवून लिहिले की माझ्या अहिंसेविषयी चार ओळी पाठवा. उत्तर आले ते असे: "चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या अंतःकरणाची ग्वाही मी कशी देऊ? ती देणारा मी कोण? मी पाहिले ते लिहितो. लहानपणी तू मारकुटा होतास. नंतर नव्हतास. कॉलेजात गेल्यावर सुट्टीत आलास की सूत काढीत असस, पण तेही मला बरे वाटावे म्हणून असेल. लढाईला जाऊ नये हे माझे मत आहे. तुझे काय आहे ते तूच त्यांना सांग." पत्र वाचून मी चांगलाच खट्टू झालो. क्वेकर गृहस्थांना भाषांतर वाचून दाखवले तर ते आनंदाने हसले आणि म्हणाले, हे पहिल्या पानावर लावा. मूळ मराठी पत्र आणि त्याखाली भाषांतर असे दोन्ही फाइलमध्ये गेले, आणि बोर्डाच्या कारकून बाईंनी वडिलांच्या अक्षरांवरच पोचल्याचा शिक्का मारला.

अर्ज पहिल्या फेरीत नामंजूर होऊन वर्गवारी 'वन-ए'च राहिली. तीस दिवसांच्या आत प्रत्यक्ष हजर राहण्याची मागणी करता येत असे. ती केली, आणि १९७० च्या शरद ऋतूत एका संध्याकाळी मला बोलावले.

लोकल बोर्ड म्हणजे काही लष्करी अधिकारी नव्हेत. ते त्याच काउंटीतले बिनपगारी काम करणारे नागरिक असत. आमच्याकडे त्यांत एक लोखंडी सामानाचे दुकानदार होते, एक निवृत्त शाळामास्तर होते, आणि एकजण दुसऱ्या महायुद्धात आसाममध्ये लेडो रस्त्याच्या बांधकामावर असलेले. त्यांच्यापुढे कॉफीचे कप होते आणि माझी जाडजूड फाइल होती. ती सगळी कोणी वाचली असेल असे वाटले नाही, पण वडिलांचे पत्र सर्वांनी वाचलेले होते.

पहिले प्रश्न अपेक्षित होते. तुमच्या बहिणीवर कोणी हल्ला केला तर काय कराल? मध्ये पडेन, आडवा होईन, ताकद वापरीन. पण त्यासाठी मला दोन वर्षे आधी माणसे मारण्याचे शिक्षण घ्यावे लागणार नाही. हिटलरशी लढला असता का? माझे वडील त्याच युद्धाला नकार देऊन तुरुंगात गेले, आणि ते हिटलरचे मित्र नव्हते. तुम्ही ज्या कारखान्यात काम करता तो नौदलाला व्हॉल्व्ह पुरवतो, हे चालते का? हा प्रश्न दुकानदारांनी विचारला आणि तो सर्वांत नेमका होता. मी म्हटले, चालत नाही, आणि तुम्ही मला पर्यायी कामावर पाठवलेत तर तो प्रश्न तुमच्या हातून सुटेल. ते हसले नाहीत.

मग आसामवाले गृहस्थ बोलू लागले. त्यांना कलकत्त्यात कोणीतरी गीतेचे इंग्रजी भाषांतर दिले होते आणि त्यांनी ते खरोखरच वाचले होते. ते म्हणाले, तुमच्या धर्मग्रंथात एक सैनिक लढायला नकार देतो आणि देव त्याला अठरा अध्याय समजावून लढायला लावतो. मग तुम्ही त्या ग्रंथाचा आधार कसा घेता? मला हा प्रश्न येणार हे माहीत होते आणि उत्तर तयार होते. यहोवाचे साक्षीदार जगाच्या अंतीच्या ईश्वरी युद्धात लढायची तयारी दाखवतात, म्हणून त्यांची सूट नाकारता येणार नाही, कारण कायद्याला अभिप्रेत आहे ते आजचे, बंदुकांचे युद्ध, असे सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये सिक्युरेला खटल्यात ठरवले होते. तोच न्याय कुरुक्षेत्राला लावता येतो. पण हे वकिली उत्तर त्या माणसापुढे देणे मला लाजिरवाणे वाटले. म्हणून मी विनोबांचे सांगितले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातल्या पहिल्याच प्रवचनात ते म्हणतात की अर्जुन काही अहिंसावादी झाला नव्हता. आजवर शेकडो लढाया मारणारा तो, समोर स्वतःचे नातेवाईक दिसताच त्याला युद्धाचे दोष सुचू लागले. आजवर कित्येकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहिला की त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागावी, तसे ते आहे. कृष्ण उत्तर देतो ते त्या मोहाला. आणि ज्या विनोबांनी हे सांगितले, ज्यांनी उभा जन्म गीता उराशी धरली, तेच १९४० मध्ये युद्धाविरुद्ध पहिले उभे राहिले.

गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचेच गुरू सांगतात की युद्धाचे दोष ऐन वेळी आठवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. तुम्हाला ते तुमचा क्रमांक निघाल्यावर आठवले नाहीत कशावरून?"

इतका सरळ प्रश्न मला त्यानंतर आयुष्यात कोणी विचारलेला नाही. मी म्हटले की हाच प्रश्न मी स्वतःला घालत आलो आहे, आणि भीती मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण मला मरणाची भीती आहे एवढ्यावरून मला मारण्याचा तिटकारा नाही असे होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. पुठ्ठ्याच्या आकृतीची गोष्ट फाइलमध्ये आहे, ती क्रमांक निघण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती मी नसती सांगितली तर तुम्हाला कळलीही नसती. शाळामास्तरांनी मग गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक भरतीची मोहीम केली होती, ती कशी बसते, असे विचारले. बसत नाही, एवढेच मी म्हटले, आणि त्या वर्षी गांधींना सैनिक फारसे मिळालेही नाहीत असे जोडले. यावर मात्र सगळे हसले.

बाहेर बाकावर माझ्यानंतरचा मुलगा बसलेला होता. शेतमजुराचा मुलगा असावा. हातात एकच कागद, त्याची सारखी घडी करीत होता. त्याने मला विचारले, ते काय विचारतात? मी जमेल तेवढे सांगितले. त्याने फक्त एवढेच लिहिले होते की बायबलमध्ये मारू नको असे लिहिले आहे आणि मला मारायचे नाही. त्याचा अर्ज नामंजूर झाला, हे मला नंतर मीटिंग हाउसमध्ये कळले; अपिलाची मुदतही तोवर उलटून गेली होती. माझ्या फाइलमध्ये सुप्रीम कोर्टाचे निकाल होते, विनोबा होते, तुरुंगात गेलेले वडील होते, प्राध्यापक होते. त्याच्या एका वाक्यापेक्षा त्यात अधिक विवेक होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. परीक्षा देण्याची सवय असलेला मी एक परीक्षा उत्तीर्ण झालो. १९१८ मध्ये हटराइटांच्या हाताला साखळ्या होत्या. १९७० मध्ये साखळ्या गेल्या होत्या, पण आपला नकार मांडण्याची भाषा ज्याला येत नाही त्याच्यासाठी व्यवस्थेत फारशी जागा झाली नव्हती.

मीटिंग हाउसमधल्या काही मुलांची अडचण याहून वेगळी होती. त्यांचा विरोध व्हिएतनामच्या युद्धाला होता, सर्व युद्धांना नव्हता. अन्यायाच्या युद्धात भाग घेऊ नये अशी कॅथलिक शिकवणच आहे. मार्च १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जिलेट खटल्यात त्यांना नाही म्हटले: सूट हवी असेल तर विरोध सर्व युद्धांना हवा. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना भरती नाकारल्याबद्दल झालेली पाच वर्षांची शिक्षा त्याच वर्षी जूनमध्ये रद्द झाली, तीही त्यांचा अर्ज नेमका कशासाठी नाकारला हे अपील मंडळाने सांगितलेच नव्हते या कारणावर.

मला 'वन-ओ' मिळाले. पोस्टाने कार्ड आले त्या दिवशी मला आनंद झाला, आणि लगेच दुसरी गोष्टही डोक्यात आली. बोर्डाला दर महिन्याला ठराविक माणसे द्यावी लागत. मी वजा झालो म्हणजे त्या काउंटीतल्या माझ्या पुढच्या क्रमांकाच्या मुलाकडे नंबर लवकर गेला. तो कोण होता, परतला की नाही, हे मी कधी शोधले नाही. शोधले पाहिजे होते असेही मला वाटत नाही. पण माझ्या नकाराने सैन्यात एक माणूस कमी झाला असे जर कोणाला वाटत असेल तर तसे झाले नाही, हे सांगणे भाग आहे.

पर्यायी सेवा दोन वर्षांची, राहत्या गावापासून दूर, आणि देशाच्या आरोग्याला किंवा हिताला उपयोगी पडेल अशी असावी, हा नियम. मला एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉयचे काम मिळाले. बेडपॅन, चादरी, स्ट्रेचर आणि रात्रपाळी. अंथरुणाला खिळलेल्या जड माणसाला कूस बदलून द्यायची तर पाठीखाली आडवी घातलेली चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून एका दमात ओढायची असते, नाही तर त्याची कातडी सोलवटते. ही गोष्ट मला एका अनुभवी कृष्णवर्णीय सहकाऱ्याने शिकवली, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीने मला जेवढा आत्मविश्वास दिला नव्हता तेवढा त्या एका हिसक्याने दिला. रोग्यांपैकी बहुतेकांना मी कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. एका रोग्याचा मुलगा मात्र व्हिएतनामला होता. माझ्याबद्दल कळल्यावर त्यांनी नर्सला सांगितले की या मुलाने मला हात लावू नये. नर्सने माझा वॉर्ड बदलला. मला त्यात गैर काही वाटले नाही.

सर्वांत अवघड गेला तो डिसेंबर १९७१. पूर्व बंगालमधल्या अत्याचारांच्या बातम्या वर्षभर येत होत्या. ३ डिसेंबरला युद्ध पेटले आणि १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. त्या शनिवारी एका मराठी घरी सगळे जमले, पेढे केले होते. सर्व युद्धांना विरोध असल्याचे शपथेवर लिहून दिलेला मी तिथे गेलो आणि पेढा खाल्ला. यजमानांनी, वयाने वडील माणूस, सगळ्यांदेखत विचारले, "काय रे, आता काय म्हणतोस?" मी म्हटले, "काका, आनंद झाला हे खरे आहे. पण मी रायफल उचलली असती का असे विचाराल तर नाही." ते म्हणाले, म्हणजे दुसऱ्याने उचललेली चालते. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मी ते बनवलेही नाही. फॉर्म १५० मध्ये या प्रश्नासाठी रकाना नव्हता. वडिलांना मी हे लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले की मलाही आनंद झाला आणि त्या रात्री मी जेवलो नाही.

१९७३ च्या मध्यात सक्तीने भरती करण्याचा सरकारचा अधिकारच संपला. तोवर व्हिएतनामच्या काळात सुमारे १,७०,००० जणांना माझ्यासारखी वर्गवारी मिळालेली होती. पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारले, कायद्याने सांगितले तर शस्त्र धराल का? मी नाही म्हटले. १९४६ पूर्वी याच उत्तरावर अर्ज फेटाळला गेला असता. त्या वर्षी जिरार्ड खटल्यात सुप्रीम कोर्टाने आपला जुना निकाल फिरवला, आणि १९५२ च्या कायद्याने शस्त्राचा उल्लेख वगळलेल्या शपथेची सोय केली. तशी शपथ मी घेतली.

सैन्यासाठी नावनोंदणी १९८० मध्ये पुन्हा सुरू झाली. भरती नाही, फक्त यादी. पण अठरा ते पंचवीस वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलग्यांनाही ती लागू आहे, आणि युद्धाला नकार असल्याचे नोंदवण्यासाठी त्यात कोठेही जागा ठेवलेली नाही. आमच्याकडच्या आई-वडिलांना बहुधा मुलाचा फॉर्म भरतानाच हे प्रथम कळते. कोणी मुलगा विचारायला आला तर मी त्याला त्याचे मत विचारत नाही. जे काही वाटते ते आजच, स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही भाषेत लिहून काढ, खाली तारीख घाल, ते पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठव आणि न उघडता ठेवून दे, एवढे सांगतो. शिवाय स्वतःला अडचणीची वाटणारी एखादी गोष्ट लिहिलेली असेल तर ती खोडू नकोस, असेही.